थोर माणसांची जुनी कार्डं : कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॉट्सॲपवर फोटो येतो आणि खाली एकच ओळ : "सर, हे किती जुनं? किती मिळतील?" फोटो नेहमी कार्डाच्या तोंडाचा असतो. पाठीचा फोटो मागितला की दोन दिवस शांतता. चेहरा सगळेच बघतात, पाठ कोणी वाचत नाही. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. खाली वाचायला लागण्याआधी हातातलं कार्ड उलटं करून ठेवा. निम्मी उत्तरं तिथेच सापडतील.

१. ही कार्डं म्हणजे नक्की काय? पत्त्यांचा प्रकार आहे का?

पत्ते नव्हेत. मालाच्या पाकिटात फुकट घातलेलं हे छोटं चित्र असतं. एका बाजूला चेहरा, दुसऱ्या बाजूला त्या माणसाची चार ओळींत माहिती आणि कंपनीचं नाव. गाजली ती सिगारेटची कार्डं. तेव्हाची पाकिटं मऊ कागदाची असत. आतल्या सिगारेटी चेपू नयेत म्हणून पुठ्ठ्याची एक पट्टी घालत. ती कोरी कशाला ठेवायची, असं अमेरिकी कारखानदारांच्या डोक्यात आलं आणि १८८० च्या दशकात तिच्यावर राजे, सेनापती, नट्या, खेळाडू दिसायला लागले. रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीच्या १८८७ सालच्या ‘वर्ल्ड्स चॅम्पियन्स’ मालिकेत तर पहिलवानही आहेत. आपल्या गावाला हे सांगायलाच हवं.

पुढे हीच युक्ती चहा, चॉकलेट, च्युइंगगम विकणाऱ्यांनी उचलली. लीबिग या मांसाचा अर्क विकणाऱ्या कंपनीने तर त्याआधीच, १८७० च्या दशकापासून, जवळजवळ शंभर वर्षं कार्डं काढली. तिची कार्डं मोठी, साधारण ११ बाय ७ सेंटिमीटर, आणि बहुधा सहा-सहाच्या संचात. इंग्लंडच्या सिगारेट कार्डाचं नेहमीचं माप साधारण ६८ बाय ३६ मिलिमीटर, म्हणजे काड्यापेटीपेक्षा थोडं लांब. संच बहुतेकदा २५ किंवा ५० कार्डांचा.

२. ‘जुनं’ कधीपर्यंतचं म्हणायचं?

इंग्लंडच्या सिगारेट कार्डांसाठी १९४० ला रेघ ओढा. महायुद्धात कागदाची टंचाई झाली आणि कंपन्यांनी कार्डं बंद केली. अमेरिकी च्युइंगगमच्या कार्डांबाबत १९५० चं दशकसुद्धा जुन्यातच धरतात. त्यानंतरची कार्डं वाईट नाहीत, फक्त ‘आजोबांच्या काळातली’ म्हणून विकायला येऊ नका.

३. पोस्टकार्ड, फोटोकार्ड, काड्यापेटीचे छाप यात धरायचे का?

काटेकोर माणूस नाही म्हणेल. मी धरतो, कारण कोल्हापुरात राहून नुसती सिगारेट कार्डं जमवायची ठरवली तर अल्बमभर इंग्लंडचे राजे आणि बोअर युद्धातले जनरल भरतात. त्यांच्याशी आपलं काय देणंघेणं?

शिवाय ही सगळी भावंडंच आहेत. पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने १८५४ मध्ये भेटकार्डाएवढ्या फोटोचं पेटंट घेतलं. असे राजेरजवाड्यांचे फोटो लोक विकत घेऊन अल्बममध्ये लावू लागले. सिगारेट कार्ड म्हणजे याच हौसेची फुकट मिळणारी आवृत्ती. संग्रहात मात्र प्रकार वेगळे ठेवा. फोटोकार्डाचा कागद आणि छापील कार्डाचा कागद यांची काळजी वेगवेगळ्या तऱ्हेने घ्यावी लागते (प्रश्न १४ आणि १६ पाहा).

४. सुरुवात कुठल्या कार्डांपासून करू? बजेट फार नाही.

एक संच निवडा, स्वस्तातला आणि सहज मिळणारा. प्लेअर्स या इंग्लंडच्या सिगारेट कंपनीची १९३५ ची ‘किंग्ज अँड क्वीन्स ऑफ इंग्लंड’ ही ५० कार्डांची मालिका प्रचंड छापली गेली होती. ब्रुक बाँडने चहाच्या पुड्यांतून १९६९ मध्ये दिलेली ‘फेमस पीपल’ हीसुद्धा ५० चीच. या दोन्हींवर हात बसला की कागद, छपाई, कडा, पाठीवरचा मजकूर सगळं डोळ्यांना कळायला लागतं. पहिल्याच महिन्यात एखादं ‘दुर्मीळ’ कार्ड घेणारा माणूस बहुधा दुसऱ्या महिन्यात छंद सोडतो.

५. कोल्हापुरात ही कार्डं मिळतात का?

दुकान असं नाही. रद्दीवाल्यांशी ओळख ठेवा, आणि चांगली ठेवा, नुसतं "काय आलंय का?" विचारून पुढे जाऊ नका. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठेतले जुने वाडे अजून मोडले जातात. वाडा मोडताना माळ्यावरची ट्रंक आधी भंगारात जाते आणि आतले कागद नंतर. ट्रंकेला भाव असतो, कागदाला नसतो. मी रद्दीवाल्याला सांगून ठेवलंय की ट्रंक तू घे, आतला कचरा मला दे. त्या कचऱ्यात लग्नपत्रिका, कलदारांचे हिशेब, औषधांच्या चिठ्ठ्या निघतात आणि दहाव्या-पंधराव्या खेपेला एखादं कार्ड.

रविवारच्या बाजारात जुन्या वस्तूंचं फडकं पसरून बसणाऱ्यांकडेही बघा. त्यांच्याकडे कार्ड बहुधा नाण्यांच्या डब्याखाली अस्तर म्हणून असतं. मूळ संच मात्र शेवटी ऑनलाइनच घ्यावे लागतात.

६. आमच्या आजोबांनी सिगारेटला कधी हात लावला नाही. मग त्यांच्या ट्रंकेत ही कार्डं कशी?

पणजोबा फौजेत होते का बघा. इंग्लंडच्या विल्स कंपनीची ‘सिझर्स’ म्हणजे कात्री छाप सिगारेट भारतात, विशेषतः इथल्या छावण्यांत, खूप खपायची आणि तिच्या पाकिटांतून खास कार्डं निघायची. १९१२ ची ‘इंडियन रेजिमेंट’ मालिका त्यातलीच. पहिल्या महायुद्धात आपल्या जिल्ह्यातली गावंच्या गावं फौजेत होती, सैनिक टाकळीचं नावच ते सांगतं. गडी सुट्टीवर येताना पोराबाळांसाठी पाकिटातली चित्रं घेऊन यायचा. चित्र ट्रंकेत राहिलं, सिगारेटचा धूर कधीच गेला.

अशा कार्डाच्या पाठीवर कात्रीचं चिन्ह किंवा ‘सिझर्स’ शब्द असतो. फौजी घरात सापडलेलं कार्ड विकण्याआधी त्याच ट्रंकेतले डिस्चार्जचे कागद शोधा. पणजोबांच्याच पलटणीचं कार्ड असेल, तर ते दुसऱ्या कोणाकडे जाऊन त्याचं काय होणार?

७. शिवाजी महाराजांचं जुनं सिगारेट कार्ड पाहिजे. कुठे मिळेल?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो. माझ्या हाताखालून आजवर एकही अस्सल गेलेलं नाही आणि विकायला आलेली सगळी नवी निघाली. कारण सरळ आहे. ही कार्डं कोण काढत होतं? लंडन, ब्रिस्टल, नॉटिंगहॅमचे तंबाखूवाले. त्यांच्या लेखी थोर माणूस म्हणजे त्यांचे राजे आणि त्यांच्या लढाया जिंकणारे लोक. हिंदुस्थान त्यांच्या कार्डांवर येतो तो भरजरी पोशाखातल्या संस्थानिकांच्या, गारुड्यांच्या किंवा फेटेवाल्या शिपायांच्या रूपात.

आपली माणसं छापली ती आपल्या छापखान्यांनी, आणि मोठ्या कागदावर. पुण्याचा चित्रशाळा छापखाना १८७८ मध्ये निघाला. त्याने देवादिकांबरोबर पेशवाईतल्या माणसांचीही रंगीत शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेली, चित्रं काढली. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांत लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्याची पोस्टकार्डंही आहेत. महाराजांचं जुनं छोटं छापील चित्र हवं असेल तर शोध पोस्टकार्डांत, काड्यापेटीच्या छापांत आणि दिनदर्शिकांच्या कात्रणांत घ्या.

एक खूण लक्षात ठेवा. १९३३ मध्ये इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचं अस्सल डच चित्र उजेडात आणलं. त्याआधी मनुची या इटालियन प्रवाशाच्या ग्रंथातलं इब्राहिमखान नावाच्या सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. तेव्हा ‘१९१० चं कार्ड’ म्हणून कोणी दाखवलं आणि त्यावर बेंद्र्यांच्या चित्राबरहुकूम चेहरा असेल, तर कार्ड परत द्या आणि चहाचे पैसे मात्र तुम्ही भरा. विकणाऱ्याला बहुधा खरंच माहीत नसतं.

८. राजर्षी शाहू महाराजांचं कार्ड मिळालंय. कुठल्या सालचं ते कसं ओळखायचं?

नावापुढची बिरुदं वाचा. इंग्रजी अमदानीत कार्डावर नाव छापायचं तर किताबांसकट, नाहीतर अपमान. महाराजांना जी.सी.एस.आय. मिळाला १८९५ मध्ये, जी.सी.व्ही.ओ. १९०३ मध्ये आणि जी.सी.आय.ई. १९११ मध्ये. पहिला आहे आणि तिसरा नाही, तर छायाचित्र किंवा निदान छपाई १९११ च्या आधीची असण्याची शक्यता खूप. तिन्ही असतील तर त्यानंतरची.

‘राजर्षी’ शब्द असेल तर? ती पदवी कानपूरच्या कुर्मी क्षत्रिय सभेने एप्रिल १९१९ मध्ये दिली. म्हणजे ‘१९०३ चा दिल्ली दरबार’ असं सांगून विकलं जाणारं ‘राजर्षी’ लिहिलेलं कार्ड दरबारात असूच शकत नाही. मला स्वतःला हे एक कार्ड विकत घेतल्यावर तिसऱ्या दिवशी सुचलं. दुकानदाराला मी दोष देत नाही, पाठ न वाचता पैसे मोजले ते मीच.

अपवाद एक. जुन्या फोटोवरून नंतर छापलेल्या कार्डात फोटो आधीचा आणि मजकूर नंतरचा असतो. तिथे बिरुदांवरून फक्त छपाईचा काळ कळतो, फोटोचा नाही. नुसता चेहरा बघून वय ठरवणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावं.

९. इटलीच्या एका पोस्टकार्डवर छत्रीखाली फेटेवाल्या राजाचा पुतळा आहे. त्याचा कोल्हापूरशी संबंध आहे म्हणतात. खरं का?

खरं, आणि माझ्या मते कोल्हापूरकराच्या संग्रहात पहिलं कार्ड हेच असावं.

छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथेच वारले. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. त्या शहराने असं काही पाहिलंच नव्हतं. १८७४ मध्ये त्याच जागी, कॅशिने उद्यानाच्या टोकाला, स्मारक उभं राहिलं. अर्धपुतळा फुलर यांचा आणि वरची छत्री चार्ल्स मँट यांची. हेच मँट आपल्या न्यू पॅलेसचे वास्तुकार. म्हणजे फ्लॉरेन्सची छत्री आणि आपला राजवाडा एकाच माणसाच्या कागदावरून उतरले आहेत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोस्टकार्डांची लाट आली तेव्हा फ्लॉरेन्सच्या विक्रेत्यांनी बागेतल्या इतर दृश्यांबरोबर हे स्मारकही छापलं. कार्डावर कोल्हापूरचं नाव बहुधा नसतं, ‘इंदियानो’ एवढंच असतं. इटालियन विक्रेत्याला तो कुठला इंडियन याच्याशी देणंघेणं नाही, म्हणून ही कार्डं तिकडे साध्या स्थळदर्शनाच्या भावात मिळतात. शोधताना कोल्हापूर टाकू नका, ‘इंदियानो’ (Indiano) आणि ‘कॅशिने’ (Cascine) टाका. वापरलेलं कार्ड मिळालं तर जास्त चांगलं : शिक्क्यावरून साल कळतं आणि पाठीवर कोणीतरी, राजाशी काही संबंध नसलेला, हवापाण्याचं लिहितो.

१०. कार्ड खरं की आजचं छापलेलं, घरी कसं तपासू?

तीन गोष्टी करा, एवढ्यात बहुतेक नकली गळतात.

पहिली, भिंग. गुजरीत सराफांकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं. जुन्या रंगीत शिळाछाप कार्डावर रंगाचे ठिपके वेडेवाकडे, हाताने टाकल्यासारखे दिसतात आणि सपाट रंग सलग असतो. आजच्या प्रिंटरच्या कार्डावर चेहऱ्यापासून अक्षरांपर्यंत सगळं एकसारख्या बारीक रंगीत ठिपक्यांनी भरलेलं दिसतं. अक्षरांवर खास बघा. जुन्या कार्डात अक्षर बहुधा एकाच शाईने, सलग काळं. नकलेत काळ्या अक्षराच्या कडेलाही निळे-गुलाबी ठिपके दिसतात, कारण चित्रासकट सगळं स्कॅन केलेलं असतं.

दुसरी, नोटा तपासायचा निळा दिवा. १९५० च्या दशकापासून कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चकाकी आणणारं रसायन सर्रास घालू लागले. अंधारात त्या दिव्याखाली असा कागद निळसर पांढरा पेटून उठतो. १९१२ चं कार्ड पेटलं तर ते १९१२ चं नाही. न पेटलं म्हणजे खरं, असा उलटा अर्थ मात्र काढू नका, कारण जुन्या वहीच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर छापणारेही महाभाग आहेत.

तिसरी, कडा आणि झिजण्याची जागा. खरं कार्ड कोपऱ्यांवर आणि बोटं लागतात तिथे झिजतं. चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारं केलेलं कार्ड सगळीकडे सारखंच पिवळं असतं आणि कडेवर जरा जास्त. वास घेऊन बघा, हसू नका.

११. ॲलन अँड गिंटरचं कार्ड ऑनलाइन फार स्वस्त मिळतंय. घेऊ का?

आधी पाठ बघा, ‘टॉप्स’ असं नाव दिसलं तर ते २००६ किंवा त्यानंतरचं. टॉप्स कंपनीने त्या साली ॲलन अँड गिंटर हे नाव आणि जुनी धाटणी परत आणली. त्यात खेळाडूंबरोबर ऐतिहासिक माणसंही असतात, आणि जुन्या तंबाखू कार्डांच्या मापाची छोटी कार्डंही. यात फसवणूक नाही, कंपनी उघडपणे नवीन म्हणून विकते. फसवतो तो मधला माणूस, जो फक्त तोंडाचा फोटो टाकतो. कार्ड आवडलं तर जरूर घ्या, नव्याच्या भावात.

१२. कार्डावर माहिती चुकीची छापली आहे. मग ते जास्त मौल्यवान का?

चूक असली की किंमत वाढते ही समजूत नाण्यांच्या छंदातून आली आहे. कार्डांत साधी चूक, म्हणजे साल चुकलं, स्पेलिंग चुकलं, तर काही फरक पडत नाही, कारण अख्खी छपाई तशीच झालेली असते. फरक पडतो कंपनीने चूक मध्येच सुधारली किंवा कार्ड मागे घेतलं तर. विल्सने १९१६ मध्ये ‘म्युझिकल सेलिब्रिटीज’ची दुसरी मालिका काढली. त्यात जर्मन संगीतकारही होते आणि जर्मनीशी तर युद्ध चालू. आठ कार्डं मागे घेऊन त्यांच्या जागी दुसरी आठ घातली. ती मूळ आठ आज मिळता मिळत नाहीत. त्याच कंपनीने १९१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईला शंभर वर्षं झाली म्हणून मालिका तयार केली आणि वाटलीच नाही. फ्रेंच आता दोस्त होते, त्यांना नेपोलियनचा पराभव कशाला आठवून द्यायचा?

कोण थोर आणि कोण नाही हे तंबाखूवाल्यांच्या कचेरीत असं ठरायचं. चुकीच्या चेहऱ्याबद्दल प्रश्न ७ मध्ये लिहिलं आहे.

१३. पन्नासातलं एकच कार्ड मिळत नाही. कितीही पैसे द्यायची तयारी आहे.

ही तयारी कोणाला सांगू नका.

काही मालिकांत एखादं कार्ड खरंच कमी छापलेलं असतं. टॉप्सच्या १९५२ च्या ‘लुक अँड सी’ या १३५ थोर माणसांच्या मालिकेत चित्रकार रेम्ब्रांटचं कार्ड असंच कुप्रसिद्ध आहे. पण पन्नासच्या ब्रिटिश संचात बहुतेकदा सगळी कार्डं सारख्याच संख्येत छापली जात. तुम्हाला एक मिळत नाही म्हणजे योगायोग. डबल आलेली अदलाबदलीला ठेवा आणि वाट बघा. कधी कधी मोडका अख्खा संच घेणं एका कार्डापेक्षा स्वस्त पडतं.

१४. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कार्डं कशी सांभाळायची?

शत्रू तीन : दमट हवा, कसर आणि चुकीचं प्लॅस्टिक. तिसरा सगळ्यात लबाड, कारण तो आपणच विकत आणतो. नव्या रेनकोटसारखा वास येणारे पाकीटवजा अल्बम पीव्हीसीचे असतात. काही वर्षांत ते चिकट होतात आणि कार्डाची शाई उचलतात. पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिएस्टरची पाकिटं मागा, त्यांना वास येत नाही.

अल्बम उभा ठेवा, भिंतीला न टेकवता, आणि बाहेरच्या भिंतीच्या कपाटात तर नकोच. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की मी पुड्या बदलतो, ही आमच्या घरची तारीख. डांबराच्या गोळ्या कार्डांच्या डब्यात टाकू नका, त्यांची वाफ फोटोला आणि प्लॅस्टिकला दोन्हींना मानवत नाही. कडुनिंबाचा पालाही नको, तो ओला असतो.

१९३० च्या दशकातल्या काही ब्रिटिश कार्डांच्या पाठीला पोस्टाच्या तिकिटासारखा डिंक असतो, थेट अल्बममध्ये चिकटवता यावीत म्हणून. ही एकावर एक रचून ठेवली की आपल्या आषाढात त्यांची वडी होते. माझी पंचवीस कार्डांची झाली होती. अशी कार्डं एकेका पाकिटातच ठेवा.

१५. लॅमिनेट करून घेतलं तर?

नाही. कधीच नाही. केलेलं असेल तर काढायचा प्रयत्नही करू नका.

१६. जुन्या वहीत चिकटवलेली कार्डं पाण्यात भिजवून काढू का?

आधी विचार करा, वहीच मूळ अल्बम आहे का? कंपन्या एकेका मालिकेसाठी छापील अल्बम एका पेनीला विकायच्या. अशा अल्बमात नीट लावलेला पूर्ण संच असेल तर तो तसाच ठेवा.

शाळेच्या वहीत खळीने चिकटवलेली असतील तर कार्डाभोवतीचा कागद कापून घ्या, कार्ड ओढू नका. मग वहीचा कागद मागून थोडा थोडा ओलसर करून सोलायचा. पूर्ण बुडवणं फक्त शिळाछाप कार्डांनाच आणि तेही एखादं बिनमोलाचं आधी बुडवून बघितल्यावर. ओग्डेन्सच्या ‘गिनी गोल्ड’सारखी फोटोकार्डं पाण्यात घालायची नाहीत. फेव्हिकॉल असेल तर कात्री, वही, कार्ड सगळं बाजूला ठेवा आणि नशिबाला दोष द्या.

१७. २०१९ च्या महापुरात आमची कार्डं भिजली होती. पुन्हा पाणी आलं तर काय करायचं?

२०२१ मध्येही आलं, त्यामुळे प्रश्न पुस्तकी नाही. आधी उंची : कार्डं तळमजल्यावर ठेवूच नका, माळा दमट असला तरी परवडला.

भिजलीच तर पहिल्या दोन दिवसांत बुरशी धरते. गाळ घासू नका, स्वच्छ पाण्यात हलकेच हिंदकळून जाऊ द्या. अर्धवट वाळलेली चिकटलेली कार्डं ओढली की चित्र फाटतं. ओली असतानाच वेगळी करा आणि सुती कापडावर, सावलीत, पंख्याखाली पसरा. उन्हात नको. फार असतील आणि वेळ नसेल तर झिपच्या पिशव्यांत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी थांबते, मग सवडीने थोडी थोडी काढून वाळवता येतात. अर्थात पुरात आधी वीज जाते. म्हणून ही युक्ती पाणी न आलेल्या पाव्हण्यांच्या फ्रीझरवर चालते, आणि त्यांना आधीच सांगून ठेवावं लागतं की बटाटेवड्यांशेजारी जॉर्ज पंचम असेल.

१८. माझ्याकडे शंभर वर्षांचं कार्ड आहे. लाखात जाईल ना?

बहुधा एका मिसळीच्या आसपास जाईल.

लाखांच्या बातम्या होनस वॅग्नर या बेसबॉलपटूच्या कार्डामुळे येतात. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ च्या दरम्यान काढलेलं ते कार्ड २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरला गेलं. ते फार थोडं वाटलं गेलं म्हणून. नुसतं वय कामाचं नाही. कोट्यवधी छापलेलं कार्ड शंभर वर्षांनीही ढिगानं असतं. भाव ठरतो तो किती उरली, किती चांगल्या स्थितीत आणि कोणाला हवी, यावरून. कोपरा दुमडला की निम्मा भाव गेला समजा.

१९. ग्रेडिंग करून घेऊ का?

अमेरिकी कंपन्या कार्डाला १ ते १० गुण देऊन कडक प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करतात. महागड्या कार्डाला ठीक. साध्या कार्डावर पाठवणीचा खर्च कार्डापेक्षा जास्त होतो. शिवाय सीलबंद कार्ड हातात धरता येत नाही, मग जमवायचं कशाला?

२०. परदेशातून कार्डं मागवली किंवा तिकडे विकली तर कायद्याची अडचण?

मागवताना कस्टम ड्युटी लागू शकते, तेवढी गृहीत धरून बोली लावा. पाठवताना जपून. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुना ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाचा दस्त पुरावस्तू ठरू शकतो, आणि पुरावस्तू खासगी माणसाने देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. लाखोंनी छापलेल्या ब्रिटिश सिगारेट कार्डाची गोष्ट वेगळी, पण संस्थानिकाचा मूळ फोटो, दरबारातलं एखादं हस्तलिखित जोडलेलं कार्ड, चित्रशाळेची शिळाछाप, इथे स्वतःच्या मनाने ठरवू नका. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला घेता येतो. तो हातात आला की मगच पाकीट बंद करा.

२१. लहान मुलांना सिगारेट कंपनीची कार्डं दाखवणं बरं का?

मुलं ती आधीपासून जमवत होती, बाप सिगारेट ओढायचा आणि पोरं दारात कार्डासाठी हात पसरून उभी असायची. कंपनीला तेच हवं होतं. मी मुलांना पाठ वाचायला देतो आणि विचारतो, या माणसाचा तंबाखूशी काय संबंध? उत्तर शोधता शोधता जाहिरात कशी चालते हे त्यांना आपसूक कळतं. वरच्या इयत्तेतली पोरं मग मला ऑनलाइन गेममधल्या खेळाडूंची कार्डं दाखवून म्हणतात, हे पण तसंच की हो काका.

२२. वडिलांचा पन्नासचा संच आम्हा दोघा भावांत कसा वाटू?

पंचवीस-पंचवीस करू नका. मोडका संच दोघांकडेही निम्म्याहून कमी किमतीचा राहतो. एकाने संच घ्यावा, दुसऱ्याने डबल कार्डं आणि अल्बम, आणि फरक रोखीत. ऐकत नसाल तर दोघांनी मिळून दुसरा संच विकत घ्या. प्लेअर्सचे राजे-राण्या असतील तर ते भांडणापेक्षा स्वस्त पडतं.

२३. कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने मोडीत काहीतरी लिहिलंय. पुसून स्वच्छ करू का?

पुसलंत तर मला पुन्हा फोटो पाठवू नका.

मोडीतली ओळ म्हणजे कार्ड कोणाच्या हातात होतं याचा एकमेव पुरावा. शाई आणि पेन्सिल दोन्ही तशीच ठेवा, फोटो काढा आणि मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडे न्या. कोल्हापुरात पुराभिलेखागार आहे, तिथे मोडी दस्तांचा डोंगर आहे आणि ते वाचणारी माणसंही. माझ्याकडच्या कात्री छाप कार्डावर अशीच एक ओळ होती. मला वाटलं पलटणीतली काही नोंद असेल, फ्रान्समधली एखादी तारीख असेल. जाणकार आजोबांनी चष्मा वर सरकवला आणि वाचलं : "म्हशीचे दूध, तीन शेर, पैसे बाकी."